विश्वास आणि प्रार्थना

ज्या शाळेंत दिवसाचा आरंभ प्रार्थनेनें होतो, त्या शाळेंतील विद्यार्थ्यांना प्रार्थना ही गोष्ट नवी नाहीं. परंतु जी गोष्ट रोज घडते, तिच्याविषयीं विचार करण्याचें आपण बहुधा विसरतों. एखादा कठीण प्रसंग आला म्हणजे मग मात्र प्रश्न उभे राहतात. परीक्षेच्या आधीं मनापासून प्रार्थना केली, आणि तरीही अपयश आलें; आई आजारी असतांना घरांतील लहानथोर सर्वांनीं गुडघे टेकले, आणि तरीही आई गेली; मग प्रार्थनेचा उपयोग काय? देवानें ऐकलें नाहीं, कीं आमचा विश्वास कमी पडला? हे प्रश्न विद्यार्थी वर्गांत विचारीत नाहींत, पण त्यांच्या मनांत ते असतात. आणि पालकांच्या मनांतही असतात. म्हणून ख्रिस्ती जीवनांत विश्वास म्हणजे काय, प्रार्थना म्हणजे काय, व त्या दोहोंचा संबंध काय, याचा थोडासा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शिकतात. जे ख्रिस्ती नाहींत त्यांनाही आपले शेजारी व सोबती प्रार्थना करतात तेव्हां नेमकें काय करतात, हें समजून घेणें उपयुक्त वाटेल अशी आशा आहे.

विश्वास म्हणजे काय?

पुष्कळांची अशी समजूत असते, कीं ज्या गोष्टीला पुरावा नाहीं ती डोळे मिटून खरी मानणें म्हणजे विश्वास. ही समजूत बरोबर नाहीं. आपण व्यवहारांत हा शब्द कसा वापरतों तें पाहा. "ही गोष्ट खरी आहे असें मला वाटतें," हें एक बोलणें. आणि "माझा त्या माणसावर विश्वास आहे," हें दुसरें बोलणें. पहिल्यांत केवळ मत आहे. दुसऱ्यांत आपण स्वतःस कोणाच्या तरी हवालीं करतों. नदीला पाणी असतांना काठावर उभा राहून, "ही नाव मजबूत आहे," असें म्हणणारा मनुष्य नावेविषयीं मत देतो. जो नावेंत पाय ठेवतो, तोच नावाड्यावर विश्वास टाकतो. ख्रिस्ती शास्त्रांत विश्वास हा शब्द या दुसऱ्या अर्थानें येतो. देव आहे एवढें कबूल करणें हा विश्वासाचा आरंभही नव्हे. याकोबाच्या पत्रांत तर असें म्हटलें आहे, कीं इतकें भुतेंही मानतात. देव पित्यासारखा आहे असें समजून त्याच्या हातीं आपलें जीवन सोंपविणें, आणि त्याप्रमाणें चालूं लागणें, हा विश्वास होय.

हा विश्वास प्रथमपासूनच मोठा असला पाहिजे असें नाहीं. प्रभु येशूनें मोहरीच्या दाण्याची उपमा दिली, ती आपल्या शेतकऱ्याला सहज समजण्याजोगी आहे. दाणा किती मोठा आहे याला महत्त्व नाहीं. तो जिवंत आहे कीं नाहीं, याला महत्त्व आहे. मार्काच्या शुभवर्तमानांत एका आजारी मुलाच्या बापाची गोष्ट आहे. त्यानें प्रभूजवळ रडून कबूल केलें, कीं माझा विश्वास आहे, पण त्यांत अविश्वासही मिसळलेला आहे. त्या बाबतींतही तूंच मला साह्य कर. अशा अर्धवट विश्वासाच्या बापाला प्रभूनें रिकाम्या हातीं परत पाठविलें नाहीं; त्याचा मुलगा बरा झाला. ज्यांना शंका येतात त्यांनीं ही गोष्ट अवश्य वाचावी. शंका आली म्हणजे विश्वास मेला असें नव्हे. शंका घेऊनही मनुष्य देवाजवळ जाऊं शकतो. जाण्याचेंच सोडलें म्हणजे मात्र विश्वास सुकतो.

प्रार्थना म्हणजे सौदा नव्हे

विश्वास हें जर पित्याशीं असलेलें नातें आहे, तर प्रार्थना हें त्या नात्यांतील बोलणें आहे. लहान मूल बापाशीं केवळ खाऊ मागण्यापुरतेंच बोलत नाहीं. शाळेंत काय झालें तें सांगतें, चूक झाली तर घाबरत घाबरत कबूल करतें, आनंद झाला तर धांवत येऊन सांगतें, आणि कधीं कधीं कांहींच न बोलतां जवळ बसून राहतें. प्रार्थनेंतही या सर्व गोष्टी येतात: देवाची स्तुति, अपराधाची कबुली, उपकारांचें स्मरण, आपल्यासाठीं व दुसऱ्यांसाठीं विनंति, आणि शांतपणें ऐकणें. यांतील केवळ विनंति तेवढी ठेवून बाकीचीं अंगें टाकून दिलीं, म्हणजे प्रार्थना ही दुकानदाराकडे पाठविलेल्या यादीसारखी होते.

दुसरा एक दोष याहून मोठा आहे. "देवा, तूं मला अमुक दे, म्हणजे मी तुला तमुक देईन," अशी अट घालून केलेली विनंति ही प्रार्थना नव्हे, तो सौदा आहे. हा दोष अमक्याच धर्माच्या लोकांत आढळतो असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. ख्रिस्ती घरांतूनही तो दिसतो. पास झालों तर दर रविवारीं उपासनेला जाईन, नोकरी लागली तर पहिला पगार दानपेटींत टाकीन, असें म्हणणारा मनुष्य देवाला पिता समजत नाहीं, लांच घेणारा अंमलदार समजतो. पित्याशीं कोणी करारनामा करीत नाहीं.

प्रभूची प्रार्थना

शिष्यांनीं विनंति केल्यावरून प्रभु येशूनें त्यांना जी प्रार्थना शिकविली, ती मत्तयाच्या सहाव्या व लूकाच्या अकराव्या अध्यायांत आहे. ती इतकी लहान आहे, कीं अर्ध्या मिनिटांत म्हणून होते. आणि कदाचित् म्हणूनच तिच्याकडे आपलें लक्ष कमी जातें. तिची रचना पाहण्यासारखी आहे. मत्तयाच्या पाठांत पहिल्या तीन मागण्या देवाविषयीं आहेत: त्याच्या नांवाचा मान, त्याचें राज्य आणि त्याची इच्छा. आपल्या गरजा त्यानंतर येतात. म्हणजे प्रार्थना करणाऱ्यानें प्रथम आपलें तोंड देवाकडे वळवावें, आणि मग आपल्या झोळीकडे पाहावें.

परंतु गरजांना तेथें जागाच नाहीं असें मात्र नाहीं. त्या दिवसाची भाकर मागण्यास प्रभूनें शिकविलें. अन्नवस्त्राची, आजाराची, परीक्षेची गोष्ट देवाजवळ काढणें हें हलकेपणाचें आहे असें जे म्हणतात, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. मात्र मागावयाची ती एका दिवसाची भाकर, वर्षाचें कोठार नव्हे. आणि ती केवळ माझी नव्हे, आमची. या सबंध प्रार्थनेंत 'मी' आणि 'मला' हे शब्दच नाहींत. सर्वत्र 'आम्ही' आणि 'आम्हांस' आहे. जो मनुष्य ही प्रार्थना म्हणतो आणि शेजाऱ्याच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं याची विचारपूस करीत नाहीं, तो तोंडानें एक व मनानें दुसरें बोलतो.

आणखी एक गोष्ट. या प्रार्थनेंतील एकाच मागणीला आपल्या वागणुकीचें माप लावलेलें आहे, ती म्हणजे क्षमेची मागणी. आपण दुसऱ्यांस क्षमा करतों त्याप्रमाणें आपणांस क्षमा मिळावी, असें आपण मागतों. आणि मत्तयाच्या पाठांत प्रार्थना संपतांच प्रभूनें याच एका मागणीचें पुन्हां स्पष्टीकरण केलें आहे. शाळेंत ज्या सोबत्याशीं आपण महिनाभर अबोला धरला आहे, त्याची आठवण येथें झाली पाहिजे.

ब्रिस्टल येथील अनाथगृहें

आतां विश्वासाची व प्रार्थनेची ही शिकवण आचरणांत आणणाऱ्या दोन व्यक्तींची माहिती देतों. पहिली व्यक्ति म्हणजे जॉर्ज म्युलर. हा प्रशिया देशांत इ. स. १८०५ सालीं जन्मला. लहानपणीं तो चोरटा व उधळ्या होता. सोळाव्या वर्षीं खाणावळीचे पैसे बुडविल्याबद्दल त्यास तुरुंगांत राहावें लागलें. धर्मोपदेशक होण्यासाठीं तो हॅले येथील विश्वविद्यालयांत शिकत होता, पण धर्माची त्याला गोडी नव्हती. १८२५ सालीं एका घरीं भरलेल्या लहानशा सभेंत एक मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करतांना त्यानें पाहिला. असें दृश्य त्यानें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. त्या संध्याकाळपासून त्याच्या जीवनाला निराळें वळण लागलें.

पुढें तो इंग्लंडांत गेला व १८३२ पासून ब्रिस्टल शहरीं राहिला. १८३५ सालच्या जून महिन्यांत त्याचा तान्हा मुलगा वारला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरक्या मुलांसाठीं एक घर काढावें, असा विचार त्यानें निश्चित केला. स्वतःजवळ पैसा नव्हता. त्यानें असें ठरविलें, कीं कोणाही मनुष्याजवळ पैसे मागावयाचे नाहींत; गरज देवापुढें मांडावयाची; आणि कर्ज काढावयाचें नाहीं. याचा हेतु केवळ मुलांचें पोषण एवढाच नव्हता. देव आजही प्रार्थना ऐकतो हें सामान्य लोकांना डोळ्यांनीं दिसावें, हा आपला पहिला हेतु आहे, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे.

या आरंभाच्या दिवसांतील एक गोष्ट फार बोधपर आहे. घर, पैसा, सामान, काम करणारीं माणसें, या प्रत्येक गोष्टीसाठीं म्युलरनें प्रार्थना केली होती, आणि त्या सर्व मिळाल्या होत्या. ३ फेब्रुवारी १८३६ हा दिवस मुलांचे अर्ज घेण्यासाठीं नेमला होता. तो ठरल्या जागीं जाऊन बसला. पण एकही अर्ज आला नाहीं. घरीं परततांना त्याच्या लक्षांत आलें, कीं आपण सर्व कांहीं मागितलें, पण मुलें यावींत अशी प्रार्थना मात्र केलीच नाहीं! शहरांत पोरकीं मुलें पुष्कळ, तीं येतीलच, असें त्यानें गृहीत धरलें होतें. त्या संध्याकाळीं त्यानें याविषयीं प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशीं पहिला अर्ज आला. मनुष्य ज्या गोष्टी कठीण समजतो त्या देवाकडे नेतो, आणि ज्या सोप्या समजतो त्या स्वतःच्या बळावर होतील असें धरून चालतो. वस्तुतः सोप्या गोष्टीही आपल्या हातांत नसतात, हें म्युलरला त्या दिवशीं कळलें.

एप्रिल १८३६ मध्यें तीस मुलींसाठीं पहिलें घर उघडलें. पुढें शहराबाहेर अॅशली डाउन येथें मोठ्या इमारती बांधण्यांत आल्या. त्यांतील पहिली १८४९ सालीं, व पांचवी १८७० सालीं उघडली. त्या पांच इमारतींत मिळून दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. १८९८ सालीं म्युलर वारला, तोंपर्यंत सुमारें दहा हजार मुलें त्याच्या हाताखालून गेलीं होतीं. विशेष हें, कीं आलेल्या प्रत्येक देणगीची पावती दिली जाई, पैशापैशाचा हिशेब ठेविला जाई, आणि वार्षिक वृत्तान्त छापला जाई. विश्वास आहे म्हणून हिशेबाची जरूर नाहीं, असें त्यास कधींही वाटलें नाहीं.

केडगांवचा माळ

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतील आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें कन्येस शिकविलें. हें कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर फिरलें. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. त्या हालअपेष्टांत आई, वडील व बहीण हीं एकामागून एक गेलीं. रमाबाई व त्यांचा भाऊ पायीं फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें विद्वानांनीं त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ गेला. १८८२ सालीं पतीही पटकीनें गेले. हातांत एक लहान मुलगी, मनोरमा, राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें.

ज्या बाईनें दुष्काळांत आईबाप गमावले, तिच्यापुढें १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ उभा राहिला. शारदासदनाला अमेरिकेंतील एका मंडळीचें ठराविक वार्षिक साह्य होतें. पण दुष्काळांतील निराधार मुलींसाठीं असें कांहीं उत्पन्न नव्हतें. रमाबाईंनीं म्युलरचें चरित्र वाचलें होतें. इंग्लंडांत ज्या देवावर भिस्त ठेवितां आली, त्याच्यावर हिंदुस्थानांत कां ठेवितां येऊं नये, असा विचार तें वाचून त्यांच्या मनांत आला, असें त्यांनींच सांगितलें आहे. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, आणि शेंकडों मुली व बाया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगची सांथ होती; म्हणून सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगांव येथें आधींच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची व्यवस्था करावी लागली. तें 'मुक्तिसदन' होय. १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या, आणि तेथील वस्ती सुमारें दोन हजारांपर्यंत गेली.

या मुलींसाठीं रमाबाई प्रार्थना करीत. पण प्रार्थना झाल्यावर त्या स्वस्थ बसत नसत. त्यांनीं विहिरी खोदविल्या, शेती करविली, मुलींना विणकाम, दुधाचें काम, छापखान्याचें काम शिकविलें. विहीर खोदणाऱ्याला पाणी दिसत नाहीं, दिसतो तो खडक; तरी तो पहार खालीं ठेवीत नाहीं. विश्वास व उद्योग यांचा हाच संबंध आहे. येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे. म्युलर आपली गरज मनुष्यांस सांगत नसे. रमाबाईंनीं तर 'मुक्ति प्रेअर बेल' नांवाचें लहानसें नियतकालिक काढून आपल्या कामाची माहिती व गरज लोकांना कळविली. दोघांच्या रीति निराळ्या, पण विश्वास एकच. यावरून असें दिसतें, कीं अमुकच रीतीनें वागलें तर देव ऐकतो, असा कांहीं नियम नाहीं.

अशिक्षित बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यासाठीं रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. हें काम चालूं असतांनाच १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. आईनें तिच्यासाठीं प्रार्थना केली नसेल काय? तरीही काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथील बायकांनींच छापलेलें संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. केडगांवची ती संस्था अजूनही चालूं आहे.

ज्या प्रार्थनेला 'नाहीं' असें उत्तर येतें

आतां आपण मूळ प्रश्नाकडे येऊं. मागितलेलें मिळालें नाहीं, तर विश्वास कमी पडला असें समजावें काय? ख्रिस्ती शास्त्राचें उत्तर, नाहीं, असें आहे. आणि याला प्रत्यक्ष प्रभु येशूचाच दाखला आहे. मरणाच्या आदल्या रात्रीं गेथशेमाने बागेंत त्यानें दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीन वेळां प्रार्थना केली. आणि प्रत्येक वेळीं शेवट पित्याच्या इच्छेवर सोंपविला. प्याला टळला नाहीं. परंतु जो जमिनीवर पडून व्याकुळ झाला होता, तोच उठून शांतपणें शत्रूंस सामोरा गेला. प्रेषित पौलाच्या शरीरांत कांहीं एक पीडा होती. तिला तो कांटा म्हणतो. ती जावी म्हणून त्यानेंही तीन वेळां विनंति केली. कांटा गेला नाहीं. पण तो सोसण्यापुरती देवाची कृपा आपणांस मिळेल, आणि आपल्या दुबळेपणांतच देवाचें बळ दिसेल, असें त्याला कळलें. येशूचा विश्वास कमी होता, किंवा पौलाचा विश्वास कमी होता, असें कोण म्हणेल?

म्हणून ज्या घरीं प्रार्थना करूनही आजारी मनुष्य गेला, त्या घरच्या लोकांस, "तुमचा विश्वास कमी पडला," असें सांगणें हें अज्ञानाचें तर आहेच, पण निर्दयपणाचेंही आहे. आईविना झालेल्या मुलाच्या मनावर अशा बोलण्याचा केवढा भार पडत असेल! अशा मुलाला आम्ही एवढेंच सांगूं, कीं बाळा, तुझी प्रार्थना ऐकली गेली. तूं मागितलेंस तसें झालें नाहीं, आणि तसें कां झालें नाहीं याचें कारण सांगण्याचा आव कोणीही आणूं नये. पण ज्या पित्याजवळ तूं रडलास, तो तुझ्यापासून दूर गेलेला नाहीं. राग आला असेल तर तोही त्याच्याजवळ बोल. स्तोत्रकर्त्यांनींही देवाजवळ तक्रारी केल्या आहेत, आणि त्या पवित्र शास्त्रांत जपून ठेविल्या आहेत.

परीक्षेची गोष्ट मात्र निराळी आहे. पुस्तक न उघडतां केलेल्या प्रार्थनेस यश आलें नाहीं, तर दोष प्रार्थनेला देतां येत नाहीं. जो भुकेल्या भावाला अन्न न देतां केवळ सदिच्छा व्यक्त करतो, त्याच्या विश्वासाला याकोब मेलेला म्हणतो. मग अभ्यास न करतां यश मागणाऱ्याला तो काय म्हणेल? परीक्षेच्या सकाळीं मन स्थिर राहावें, केलेला अभ्यास आठवावा, आणि शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहण्याचा मोह होऊं नये, एवढें अवश्य मागावें. आणि निकाल कसाही लागला तरी तो प्रामाणिकपणें घरीं सांगण्याचें धैर्य मागावें. ही शेवटची मागणी पुष्कळ विद्यार्थी विसरतात.

घरांतील प्रार्थना

शेवटीं कांहीं व्यवहाराच्या सूचना. प्रार्थनेस एक ठराविक वेळ असावी. सकाळचीं पांच मिनिटें पुरेशीं आहेत. शब्द थोडे व साधे असावेत. पुष्कळ बोलल्यानें देव ऐकतो असें समजूं नये, हें प्रभूनेंच सांगितलें आहे. दाखविण्यासाठीं प्रार्थना करूं नये. दार लावून एकान्तांत करावी. आपल्या गरजेआधीं दुसऱ्या कोणाचें तरी नांव घ्यावें: आजारी सोबत्याचें, गरीब शेजाऱ्याचें, आणि ज्याच्याशीं पटत नाहीं त्याचेंही. त्यानंतर थोडा वेळ गप्प बसावें. आणि उठल्यावर, ज्यासाठीं प्रार्थना केली त्याविषयीं आपल्या हातून होण्याजोगें एक तरी काम त्या दिवशीं करावें.

पालकांस एक विनंति आहे. मुलें प्रार्थनेचे शब्द शाळेंत शिकतात, पण तिचा अर्थ घरीं शिकतात. रात्रीं हात जोडणारा बाप सकाळीं नोकरावर खेंकसतांना, किंवा आई शेजारणीची निंदा करतांना मुलांना दिसली, तर शाळेंतील वर्षभराची शिकवण एका घटकेंत पुसली जाते. उलट, पैशाची अडचण असतांनाही वडील खोटें बोलत नाहींत, आणि आई दाराशीं आलेल्याला रिकाम्या हातीं परत पाठवीत नाहीं, हें ज्या मुलानें पाहिलें, त्याला विश्वास म्हणजे काय हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. मोहरीचा दाणा पेरला जातो तो अशाच घरांत. त्याला वाढविणारा देव समर्थ आहे.